संन्याशाची निवड

संन्यास घेतला म्हणजे माणसाची निवड करण्यापासून सुटका झाली, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. घरदार सुटले, नावगाव सुटले. आता काय करावे आणि काय टाळावे हे ठरविण्याचा भारही उतरला, असे मानून कित्येक संसारी माणसे भगव्या वस्त्राकडे हेव्याने पाहतात. योगशास्त्राला हे मान्य नाही. चित्तवृत्तींच्या निरोधासाठी पतंजलीने अभ्यास आणि वैराग्य अशी दोन साधने सांगितली, आणि ती दोन्ही रोज नव्याने पत्करावी लागतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आयुष्यात याचा वारंवार प्रत्यय येतो.

विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे ३ ऑक्टोबर १९०३ रोजी जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर १९२० साली सोलापुरात शिकत होते. त्या वर्षी लोकमान्य गेले, आणि या विद्यार्थ्याने अविवाहित राहून देशकार्य करण्याचा निश्चय केला. पुढे असहकारात शाळा सोडली, राष्ट्रीय विद्यालयांतून शिक्षण पुरे केले, कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम केले, आणि मग निजामाच्या राज्यातील हिप्परगा या आडगावच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक म्हणून आले. तेथे असताना, वयाची तिशी ओलांडण्यापूर्वीच, त्यांनी स्वामी रामतीर्थांच्या परंपरेत संन्यासदीक्षा घेतली.

येथे जिज्ञासू वाचक अडखळेल. ज्या टिळकांच्या स्मृतीने हा तरुण भारावला, त्यांनीच तर ‘गीतारहस्या’त कर्मत्यागापेक्षा कर्मयोग श्रेष्ठ ठरविला! मग हा संन्यास कशासाठी? आम्हांस वाटते, त्यांनी कर्माचा त्याग केलाच नाही. कर्मापासून मिळणाऱ्या सर्व लाभांचा तेवढा आरंभीच केला. दीक्षेनंतर ते हिमालयात गेले नाहीत. मुलांना शिकवीत राहिले, आणि पुढे मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, योगेश्वरी शाळा त्यांनी नावारूपास आणली.

१९३८ साली ती शाळाही सोडावी लागली. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली, आणि ऑक्टोबरातील सत्याग्रहात स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच सुमारास आर्य समाजाचा आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह चालू होता. मुसलमान राजा आणि समोर भगव्या वस्त्रातील पुढारी, हे चित्र सहज गैरसमज करून देणारे होते. तरीही लढा राजाच्या धर्माशी नसून जबाबदार राज्यपद्धतीसाठी आहे, ही भूमिका स्टेट काँग्रेसने सोडली नाही. गांधीजींच्या सल्ल्यावरून तिने आपला सत्याग्रह डिसेंबरात स्थगितही केला. १९४० साली स्वामीजी पुन्हा तुरुंगात गेले, १९४२ साली पुन्हा.

परंतु खरी कसोटी १९४७ नंतर लागली. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने हैदराबाद भारतात विलीन झाले पाहिजे अशी मागणी करून १५ ऑगस्टला ते तिरंग्यासह गजाआड झाले. तिकडे रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला आणि सीमेवरील केंद्रांतून कार्यकर्त्यांनी शस्त्रे हाती घेतली. पतंजलीच्या यमांत पहिली अहिंसा. आणि जात, देश, काळ वा प्रसंग यांची सबब न सांगता पाळले जाते तेव्हाच ते महाव्रत होते, असे ते शास्त्र सांगते. एका संन्याशाच्या अध्यक्षतेखालील संघटनेने प्रसंगाची सबब मानली. आम्हां गोमंतकीयांना हा पेच परका नाही. १९५५ च्या १५ ऑगस्टला आमच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, आणि त्याच काळात आझाद गोमंतक दलाने शस्त्रही धरले. रझाकारांपुढे असहाय झालेल्या खेड्यांना नुसता उपवासाचा उपदेश करणे सोपे नव्हते, हे आम्ही जाणतो. पण शस्त्राला एकदा वाट दिली की ते आपण आखलेल्या रेषेशी थांबत नाही, हेही तितकेच खरे. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर कित्येक निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवून ठेवले आहे. मुक्तीचा हर्ष सांगताना हे पान गाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

निजाम शरण आल्यावर स्वामीजी सुटले. राज्याचा एवढा मोठा लढा चालविलेल्या माणसाने राज्यपद मागितले असते तर कोणी नवल केले नसते. १९५२ साली मुख्यमंत्री झाले ते पक्षांतर्गत मतभेदात त्यांच्या विरुद्ध बाजूला असलेले बी. रामकृष्णराव. स्वामीजी त्या वर्षी गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून लोकसभेवर गेले, एवढेच.

त्याहून आम्हांला विशेष वाटते ती दुसरी गोष्ट. सोळा जिल्ह्यांचे हैदराबाद राज्य, त्यात तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच, कन्नड भागाचे तीन. ते मोडून ज्याचा भाग त्याच्या भाषेच्या राज्याला द्यावा, असा आग्रह धरणाऱ्यांत ते अग्रभागी होते. ज्या राज्यात त्यांचा शब्द चाले, तेच नाहीसे व्हावे असे ते सांगत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य विसर्जित झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, गुलबर्गा म्हैसूरकडे, आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले.

स्वामीजी मात्र त्या शहरातच राहिले. २२ जानेवारी १९७२ रोजी तेथेच त्यांचा देह पडला. त्यांची समाधी बेगमपेठेत आहे.