फुलामुलांचे कवि : रे. नारायण वामन टिळक

ज्या कल्याण शहरांत आज आगगाड्यांचा घोष क्वचितच थांबतो, तेथें सन १८६९ ते १८७३ या काळांत एक मुलगा विद्याभ्यास करीत होता. पुढें महाराष्ट्रानें ज्यांस फुलामुलांचे कवि म्हणून गौरविलें, तेच हे नारायण वामन टिळक.

त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं झाला. कल्याण सोडल्यावर त्यांनीं नाशिकास गणेशशास्त्री लेले यांजपाशीं संस्कृत काव्याचें अध्ययन केलें. मनांत आलें कीं घरीं न सांगतां निघून जावें, हा त्यांचा स्वभाव पत्नी लक्ष्मीबाई यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत वर्णिला आहे. आणि त्यापायीं त्यांस स्वतःस किती क्लेश सोसावे लागले, हेंही त्यांत दिसतें. तेव्हां मनाच्या शांतीसाठीं जगाकडे पाठ फिरवावी काय, हा प्रश्न टिळकांस केवळ पुस्तकी नव्हता. ‘वनवासी फूल’ या काव्यांत रानांतल्या फुलाशीं संवाद योजून त्यांनीं याच प्रश्नाचा ऊहापोह केला.

उत्तर मात्र त्यांच्या आयुष्यानें दिलें. सन १८९५ मध्यें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळें कांहीं वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. परंतु पुढें अहमदनगरास त्यांचा संसार पुन्हा जुळला, आणि तें घर अनेक निराधार मुलांचें आश्रयस्थान बनलें. सन १९०७ च्या जळगांव येथील कविसंमेलनांत चमकलेले बालकवि ठोंबरे यांसही तेथें पुत्रवत् माया लाभली. फुलांपाशीं रमणारें मन माणसांपासून दूर गेलें नाहीं, उलट अधिक कोमल झालें. ‘केवढें हें क्रौर्य!’ या कवितेंत घायाळ पक्षिणीस मरतेवेळीं पिलांचीच चिंता लागते. तिची व्यथा ज्यास ऐकूं आली, त्यास पोरक्या मुलाची हांक कशी ऐकूं येणार नाहीं? ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें.

विद्यार्थी मित्रहो, उल्हास नदीच्या कांठीं, येऊरच्या रानांत किंवा ठाण्याच्या एखाद्या तळ्यापाशीं आपणही घटकाभर स्वस्थ बसावें. फूल तोडूं नये, पांखरास छेडूं नये. नुसतें पाहावें व ऐकावें. तेथून उठतांना मन निवालेलें असेल, तें घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या उपयोगीं पडावें. आणि निघतांना मात्र आईस सांगूनच निघावें!