पंडिता रमाबाईंनी विचारलेले प्रश्न

आमच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण वाचली. यंदा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले, तेव्हा काही भगिनींनी शंका काढली. ज्या बाईने आपला धर्म सोडला, तिचे चरित्र आपण कामथडीच्या बायकांनी का छापावे? शंका रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. रमाबाईंनी धर्म सोडला हे सर्वांना ठाऊक असते. पण नवा धर्म घेतल्यावर त्या धर्माच्या ग्रंथाला आणि गुरूंनाही त्यांनी तितकेच कठोर प्रश्न विचारले, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. मला सांगायचे आहे ते हेच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, म्हणून जातभाईंचा रोष ओढवून घेतला. पुढे वडील थकले आणि धाकट्या रमेला शिकविण्याचे काम आईकडे आले. पहाटे, घरकामाला लागण्यापूर्वी, ही माउली मुलीला जवळ घेऊन पाठ देई. असे करता करता भागवताचे हजारो श्लोक मुलीला मुखोद्गत झाले. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे. शास्त्रात सांगितलेली व्रते, दाने, उपासतापास सर्व काही यथासांग चाले. पण दुष्काळ आला आणि ह्या पुण्याईची पुंजी काही कामी आली नाही. १८७४ च्या सुमारास आईवडील, आणि त्यांच्या पाठोपाठ थोरली बहीण, अशी तिघेही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. ती दोघे हजारो मैल पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली.

कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. मग त्यांना सांगण्यात आले की, शास्त्राधारे स्त्रियांना स्त्रीधर्मावर व्याख्याने द्या. त्यासाठी त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचू लागल्या. त्यांना दिसले ते असे: हे ग्रंथ बहुतेक बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण स्त्री आणि शूद्र हे हीन आहेत, एवढ्या एका गोष्टीवर मात्र त्या सर्वांचे एकमत आहे. वेद वाचण्याचाही स्त्रीला अधिकार नव्हता. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदांची प्रत दिली, तेव्हा कुठे त्यांनी ते वाचले. त्याच शहरात ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात त्यांना संस्कृतात छापलेले बायबलही भेट मिळाले होते. एवढ्या मोठ्या पंडितेला त्याची भाषाच परकी वाटली आणि अर्थ लागेना. पुस्तक तसेच राहिले.

पुढे भाऊ वारला. १८८० साली रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. मेधावी जातीने शूद्र मानले जात, म्हणून गहजब झाला. सिलचरच्या त्यांच्या घरात पुस्तके चाळताना रमाबाईंना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले आणि हा ग्रंथ त्यांनी प्रथमच समजून वाचला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ मध्ये पती पटकीने गेले. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना आणि हंटर आयोगापुढची साक्ष ही दोन्ही त्याच वर्षातली.

१८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील मठातील भगिनींकडे राहिल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरीचा बेत सुटला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठा क्षोभ झाला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ च्या आपल्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली.

येथवरची हकीकत पुष्कळांनी वाचलेली असते. पुढची मात्र सहसा कोणी सांगत नाही.

वाँटेजच्या सिस्टर जेरल्डीन ह्या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत. ह्या आजीबाईंची अपेक्षा होती की, बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चची सर्व शिकवण मुलीने निमूटपणे घ्यावी. पण १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या, तेथेच संस्कृत शिकवीत होत्या, आणि बायबल स्वतः वाचीत होत्या. वाचता वाचता प्रश्न उभे राहिले. देव एक आहे असे म्हणता, तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य कसे समजावयाचे? येशूच्या अलौकिक जन्मावर विश्वास ठेवल्यावाचून मनुष्य ख्रिस्ती होतच नाही, असे कोठे लिहिले आहे? ख्रिस्ती पंथ अनेक, आणि प्रत्येकजण बायबलाचाच आधार सांगतो. मग कोणता अर्थ खरा, हे ठरविणार कोण? चर्चने ठरविलेली मतपत्रे ही देवाची वाणी की माणसांची?

हे सारे त्यांनी सिस्टर जेरल्डीन आणि कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांना लांबलांब पत्रे लिहून विचारले. बीलबाईंनी शंकांना मान देऊन उत्तरे दिली. मठाकडून मात्र गर्विष्ठपणाचा ठपका आला. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे निघाले, तेव्हा रमाबाईंनी त्यालाही हरकत घेतली. मला न येणारी भाषा माझ्या संस्कृतापेक्षा पवित्र कशी, असा त्यांचा सवाल होता. त्या शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेला गोड पदार्थही त्यांना चालत नसे. ह्यातही मठाला जातीचा ताठा दिसला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघताच हिंदुस्थानातल्या बिशपांनी आडकाठी केली. मनोरमेला न समजणारी मते घोकून घ्यावयास लावू नयेत, असेही त्यांनी मठाला स्पष्ट कळविले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवून मी आले, ते दुसऱ्याचे जू चढविण्यासाठी नव्हे.

भगिनींनो, ह्यातले धाडस नीट ध्यानी घ्या. बायबलावर वादविवाद महाराष्ट्राला नवे नव्हते. १८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर आणि पाद्री जॉन विल्सन यांचा वाद झाला होता. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांना प्रश्नांनी बेजार केले होते. पण ते सगळे पुरुष. दोन्ही पक्षांना आपापल्या मंडळींचा आधार. वाद संपला की जो तो आपापल्या घरी. रमाबाई ज्यांच्या घरी राहत होत्या, ज्यांचे अन्न खात होत्या, त्यांनाच प्रश्न विचारीत होत्या. मायदेशाने टाकलेली पंचविशीतली विधवा, पदरी लहान मूल. गप्प राहणे किती सोपे होते! इतके सोसून जिने प्रश्न विचारले, तिला लाभासाठी धर्म बदलणारी कोण म्हणेल?

आणि त्यांचे प्रश्न काही अडाणी नव्हते. त्या काळी खुद्द इंग्लंडातच ह्याच ग्रंथाची चिकित्सा चालू होती. जुना करार मुख्यतः हिब्रूत आणि नवा करार ग्रीकमध्ये लिहिलेला. मूळ लेखकांच्या हातची एकही प्रत आज जगात नाही. आहेत त्या नकलांच्या नकला, आणि त्यांत जागोजागी पाठभेद आहेत. नाताळचे बिशप कोलेन्सो यांनी १८६२ पासून जुन्या करारातील पहिल्या ग्रंथांतले आकडे तपासून त्यांच्या ऐतिहासिक खरेपणाविषयी शंका घेतली, म्हणून त्यांच्यावर बहिष्काराची पाळी आली. १८८१ मध्ये इंग्रजी नव्या कराराची सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचा आधार म्हणून दाखविले जाणारे एक वचन विद्वानांनी गाळले, कारण जुन्या ग्रीक प्रतींत ते सापडत नाही. जुन्या कराराची सुधारलेली आवृत्ती १८८५ मध्ये, रमाबाई इंग्लंडात असतानाच, बाहेर पडली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले, मदत जमविली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. ते पुढच्या वर्षी पुण्यास आले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई ह्या तेथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सदनात कोणावर धर्माची सक्ती व्हावयाची नाही असे ठरले होते. पण रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली तेथे जाऊन बसत. १८९३ मध्ये गवगवा झाला. ‘केसरी’ने झोड उठविली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. निराधार मुलीवर आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा प्रभाव पडतोच. तेव्हा टीका करणाऱ्यांची काळजी अगदीच पोकळ होती असे मला म्हणवत नाही. वाँटेजमध्ये ज्या दडपणाशी रमाबाई झुंजल्या, ते दडपण ह्या मुलींनाही जाणवले असेल काय, हा प्रश्न आपण त्यांनाही विचारला पाहिजे. त्यांनीच आपल्याला तसे विचारावयास शिकविले आहे.

दरम्यान रमाबाईंचे स्वतःचे मन स्थिरावले होते. १८९१ च्या सुमारास त्यांची येशूवरील श्रद्धा दृढ झाली आणि ती अखेरपर्यंत ढळली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या. केडगावचे मुक्ति सदन त्यातूनच उभे राहिले. केडगाव आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात आहे.

आता कोणी म्हणेल, शेवटी बाईंनी बायबल मानलेच ना? मग ते सारे प्रश्न कशासाठी? त्याचे उत्तर त्यांच्या अखेरच्या कामात आहे. मराठीत बायबल होते. विल्यम कॅरे यांनी श्रीरामपूरला १८०५ मध्येच मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले होते. पण प्रचलित भाषांतराची भाषा रमाबाईंना फार संस्कृतप्रचुर वाटे. मुक्तीतल्या साध्यासुध्या बायकांना ती कळत नसे. शिवाय भाषांतर म्हणजे दुसऱ्याने लावलेला अर्थ. म्हणून पन्नाशीच्या घरात असताना ह्या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल मुळावरून सोप्या मराठीत उतरविण्यास बसल्या. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथल्याच स्त्रियांनी केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. हे दुःख गिळून रमाबाई मुद्रिते तपासीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

श्रद्धा बसल्यावरही त्यांनी ग्रंथ दुसऱ्याच्या तोंडून घेतला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. माझी आजी निरक्षर होती. श्रावणात गावात पोथी लागली की ती हात जोडून बसे आणि वाचणारा सांगेल तो अर्थ घरी घेऊन येई. एकदा मी विचारले, हे खरेच पोथीत आहे का गं? ती म्हणाली, मला बाई काय ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक. आजीचा त्यात दोष नव्हता, तिला कोणी अक्षर दिलेच नव्हते. आज आपल्या मंडळातल्या बहुतेकींना वाचता येते. तरीही अमुक शास्त्रात आहे, तमुक पोथीत आहे, असे कोणी म्हटले की आपण पुस्तक न उघडताच मान डोलावतो. विधवेने हळदीकुंकवाला येऊ नये, असे कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर लिहिले आहे, हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिले आहे? आणि लिहिलेले असलेच, तरी ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिले, हे विचारावयास नको काय?

रमाबाईंचे निष्कर्ष आपण स्वीकारावेत असे मी म्हणत नाही. माझी देवपूजा मी सोडलेली नाही. पण आपल्या ग्रंथांना आणि परक्यांच्या ग्रंथांना एकच माप लावण्याची त्यांची रीत आपल्याला घेण्यासारखी आहे. पुष्कळजण दुसऱ्याच्या पोथीतल्या चुका हुडकून काढतात आणि स्वतःची पोथी मात्र सोवळ्यात ठेवतात. रमाबाईंनी तसे केले नाही.

शेवटी एक गोष्ट सांगते. रमाबाईंच्या प्रश्नांनी व्यथित झालेल्या सिस्टर जेरल्डीन यांनीच ती सारी पत्रे जपून ठेवली आणि संकलित केली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. ज्या आजीबाईंना ही मुलगी हट्टी वाटली, त्यांनीच तिचा प्रत्येक प्रश्न आपल्यासाठी राखून ठेवला. आपल्या लेकीसुनांनी आपल्याला असे प्रश्न विचारले, तर आपणही निदान इतके तरी करावे.