काचघरातून बडोद्याच्या उन्हात : गुस्ताव क्रुम्बिगेल

आपण बडोदेकर कमाटीबागेत सकाळी फिरायला जातो, सुट्टीत मुलांना नेतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी ही बाग उभारली, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मात्र संस्थानच्या बागांचा कारभार पाहायला आलेल्या एका जर्मन बागतज्ज्ञाचे नाव आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. ते म्हणजे गुस्ताव हर्मान क्रुम्बिगेल.

त्यांचा जन्म १८६५ साली ड्रेस्डेनजवळच्या लोमेन गावी झाला. बागकाम शिकून ते तरुणपणीच इंग्लंडला गेले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांनी फुलांचे वाफे सजवले आणि पुढे क्यूच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानात काम केले. क्यूचे वैभव म्हणजे तिथली काचघरे. त्यांतले लोखंड आणि काचेचे पाम हाउस १८४८ साली पूर्ण झाले होते. बाहेर कडाक्याची थंडी असताना बॉयलरमध्ये पाणी तापवायचे, ते नळांतून खेळवायचे आणि त्या उबेवर उष्ण देशांतले ताडमाड जगवायचे, असा तो खटाटोप.

१८९३ साली ते बडोदे संस्थानच्या सेवेत आले. इथे सगळे उलटे होते. क्यूमध्ये काचेखाली जपावी लागणारी कितीतरी झाडे आपल्याकडे उघड्यावर वाढतात. पण वैशाखातल्या झळांपासून कोवळ्या रोपांना वाचवावे लागते. परक्या मुलखातले रोप आधी सावलीत ठेवायचे, ओलावा द्यायचा, मग हळूहळू उन्हाची सवय लावायची आणि मगच जमिनीत लावायचे. उबेची सोय करण्यापेक्षा इथे धीर धरण्याचेच काम अधिक. सुमारे पंधरा वर्षे ते बडोद्यात राहिले.

१९०८ साली त्यांनी म्हैसूर संस्थानात बंगळूरच्या लालबागेची सूत्रे हाती घेतली. तिथले मोठे काचघर त्यांच्या आधीच, १८८९ साली पायाभरणी होऊन उभे राहिले होते. क्रुम्बिगेल यांनी मात्र काचघराबाहेरच्या रस्त्यांकडे लक्ष दिले. एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, म्हणजे वर्षभर शहरात कुठे ना कुठे फुले दिसतील, अशा हिशेबाने त्यांनी झाडे निवडली. त्यांत देशी झाडे होती, तशी दूरदेशांहून आलेलीही होती.

जर्मन असल्यामुळे महायुद्धाच्या काळात त्यांना इंग्रज सरकारची स्थानबद्धता सोसावी लागली. ज्या देशाच्या बागा त्यांनी वाढवल्या, तिथेच ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. तरीही त्यांनी हा देश सोडला नाही. १९३२ साली निवृत्त होताना लालबागेची धुरा त्यांनी एच. सी. जवराया या भारतीय उत्तराधिकाऱ्याकडे सोपवली. १९५६ साली बंगळूरमध्येच त्यांचे निधन झाले.

बंगळूरने लालबागेजवळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिले आहे. आपल्या मुलांना बडोद्याचा इतिहास सांगताना आपणही हे नाव घ्यायला हवे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गायकवाडांच्या राज्यात चाकरीसाठी आले आणि इथलेच झाले. परक्या मातीत मूळ धरायला किती पावसाळे जावे लागतात, हे आपल्या घराण्यांना वेगळे सांगायला नको.