सहापट मजबूत : जॉन रोब्लिंगची गोष्ट

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे एका पेपरापुरतं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर संपादक मंडळाने आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं. दोन वर्षं मी या अंकाच्या इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिलं. यंदा मात्र ही गोष्ट मराठीतच सांगायची असं ठरवलं, कारण हॉस्टेलच्या मेसमध्ये ती मी मराठीतच सांगितली होती आणि चक्क सगळ्यांनी ऐकली होती!

थर्ड इयर मेकॅनिकलवाल्यांना वायर अँड बार ड्रॉइंगचा चॅप्टर माहीत असेल. डायचा सेक्शन काढायचा, ॲप्रोच अँगल, बेअरिंग, बॅक रिलीफ अशी नावं द्यायची आणि मार्क घ्यायचे. सळईचं टोक ठोकून बारीक करा, ते डायच्या भोकातून पलीकडे काढा, चिमट्यात पकडा आणि ओढा. सळई बारीक होते, लांब होते आणि गंमत म्हणजे जास्त मजबूतही होते. व्यास निम्मा झाला की लांबी चौपट. सोनार तार ओढतो तेही हेच, फक्त त्याची भोकांची पट्टी हातात मावते.

मला व्हायव्हात सरांनी विचारलं की एका पासमध्ये सळई हवी तेवढी बारीक का करता येत नाही. मी गप्प. उत्तर सोपं आहे. ओढण्याचा सगळा ताण डायमधून बाहेर आलेल्या बारीक तारेलाच सोसावा लागतो. फार ओढलं तर तीच तुटते. घर्षण शून्य धरलं आणि धातू ओढताना कडक होत नाही असं मानलं, तरी गणिताने क्षेत्रफळात एका पासला जास्तीत जास्त ६३ टक्केच घट निघते. प्रत्यक्षात बरीच कमी घेतात. म्हणजे मर्यादा ओढणाऱ्या मशीनची नसते, तारेची असते.

त्या व्हायव्हानंतर मी लायब्ररीत जाऊन बसले आणि वाचता वाचता जॉन ऑगस्टस रोब्लिंगपाशी पोचले. तारेची मर्यादा किती हा प्रश्न या माणसाने आयुष्यभर विचारला.

रोब्लिंगचा जन्म १२ जून १८०६ रोजी जर्मनीतल्या म्यूलहाउझेन या गावी झाला. तेव्हा तो प्रशियाचा भाग होता. बर्लिनला त्याने स्थापत्याचं शिक्षण घेतलं आणि काही वर्षं सरकारी रस्त्यांच्या कामावर नोकरी केली. पण तिथल्या सरकारी कारभारात नवीन काही करायला वाव नव्हता. १८३१ मध्ये तो भाऊ कार्लबरोबर अमेरिकेला निघाला. पेनसिल्व्हेनियात जमीन घेऊन त्यांनी सॅक्सनबर्ग नावाचं गाव वसवलं आणि हा इंजिनियर चक्क शेती करू लागला.

शेती काही जमली नाही. १८३७ साल तर विचित्रच गेलं. त्याच वर्षी मोठा मुलगा वॉशिंग्टन जन्मला आणि त्याच वर्षी भाऊ कार्ल वारला. रोब्लिंग पुन्हा आपल्या धंद्याकडे वळला आणि कालव्यांच्या सर्व्हेचं काम करू लागला.

पेनसिल्व्हेनियात तेव्हा मालाची वाहतूक कालव्यांतून व्हायची. मध्ये ॲलेघेनीचा डोंगर आडवा. मग होड्या गाड्यांवर चढवून उतरत्या रुळांवरून डोंगरापार ओढत न्यायच्या. ओढायला तागासारख्या हेंपचे जाडजूड दोर असत. ते महाग, लवकर झिजणारे, आणि तुटले की माणसं दगावायची. रोब्लिंगने हे पाहिलं. जर्मनीत हार्त्सच्या खाणींमध्ये विल्हेल्म आल्बर्टने १८३४ मध्ये लोखंडी तारा पिळून दोर केला होता, त्याबद्दल त्याने वाचलं होतं. १८४१ मध्ये त्याने सॅक्सनबर्गला आपल्या घरामागच्या कुरणात तारा पसरल्या, शेजारचे शेतकरी मदतीला घेतले आणि हाताने पीळ देत तारेचा दोर वळला. पुढच्या वर्षी पेटंटही मिळालं. आपल्या वर्कशॉपमधल्या क्रेनच्या हुकाला जो वायर रोप आहे ना, तो त्याच कुळातला.

इथे डायचा मुद्दा येतो. दोर कितीही छान वळला, तरी आतली एकेक तार एकसारखी नसेल तर भार सगळ्यांवर सारखा येत नाही. सगळ्यात कमजोर तार आधी तुटते आणि तिचा भार बाकीच्यांवर पडतो. त्या काळी तार ओढायची डाय म्हणजे भोकं पाडलेली पोलादी पाटी. भोक झिजून मोठं झालं की कारागीर त्याच्या कडा हातोड्याने ठोकून भोक आवळायचा आणि निमुळत्या पंचने पुन्हा हव्या मापाचं करायचा. आज चौकोनी सळईसाठी टर्क्स हेडमध्ये चार रोलर स्क्रूने जवळ-लांब करता येतात, ती ॲडजस्टेबल डाय. त्या वेळची ॲडजस्टेबल डाय म्हणजे हातोडा आणि कारागिराची नजर! माप चुकलं तर तारही चुकली. त्यामुळे विकतच्या तारेवर विसंबून राहणं रोब्लिंगला पटणारं नव्हतं. १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला कारखाना काढला. पुढे तार ओढण्यापासून दोर वळण्यापर्यंत सगळं तिथेच होऊ लागलं. याच कारखान्यात एकदा त्याचा डावा हात मशीनमध्ये सापडला आणि कायमचा अधू झाला.

दोराकडून तो पुलाकडे गेला. १८४५ मध्ये पिट्सबर्गला त्याने नदीवरून चक्क कालवा टांगला. पाण्याने भरलेला लाकडी हौद तारेच्या केबल्सवर, आणि त्यातून होड्या जाणार. आर्किमिडीज आठवा. होडी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, म्हणून होडी आली काय नि गेली काय, पुलावरचा भार तेवढाच! डेलावेअर नदीवरचा त्याचा असाच कालवा-पूल, जो १८४९ मध्ये सुरू झाला, अजून उभा आहे. आता त्यावरून होड्यांऐवजी गाड्या जातात.

पुढचं काम नायगाऱ्याचं. झुलत्या पुलावरून रेल्वे नेणं तेव्हाच्या नामवंत इंजिनियर्सना मान्य नव्हतं, आणि ते अगदी चूक होते असंही नाही. १८५४ मध्ये व्हीलिंगचा मोठा झुलता पूल वाऱ्याने पाडला. नायगाऱ्याचं काम तेव्हा चालूच होतं. रोब्लिंगला माहीत होतं की नुसती ताकद पुरत नाही, पूल ताठही हवा. त्याने खोल ट्रस आणि तिरप्या तारा देऊन पूल आवळला. मार्च १८५५ मध्ये ८२१ फुटांच्या गाळ्यावरून आगगाडी पलीकडे गेली. वर रेल्वे, खाली घोडागाड्या. त्या पुलाने चाळीसएक वर्षं इमानाने काम केलं. मग सिनसिनाटीचा पूल, १०५७ फुटांचा, पूर्ण झाला तेव्हा जगातला सर्वात लांब गाळा. तोही आज उभा आहे, आणि आता त्याला रोब्लिंगचंच नाव आहे.

माणूस म्हणून मात्र रोब्लिंग फार प्रेमळ वगैरे नव्हता. वेळेचा इतका पक्का की पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याला भेटत नसे म्हणतात. (आपल्या काही सरांची आठवण झाली ना?) घरात त्याची दहशत होती. मुलगा वॉशिंग्टनने पुढे बापाचं चरित्र लिहिलं, त्यात मार आणि धाक यांच्या आठवणी भरपूर आहेत. शिवाय डॉक्टरांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. कुठलाही आजार थंड पाण्याने बरा होतो यावर मात्र ठाम विश्वास.

१८६७ मध्ये न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन जोडणाऱ्या पुलाचा तो चीफ इंजिनियर झाला. गाळा १५९५ फुटांच्या वर, म्हणजे सुमारे ४८६ मीटर. केबल्ससाठी लोखंडाऐवजी पोलादाची तार, आणि पूल लागेल त्याच्या सहापट मजबूत. एवढं कशाला, असं कुणालाही वाटेल. पण तारेत काय दोष निघेल, माणसं काय चुका करतील, हे आधी कळत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

जून १८६९ मध्ये तो फुल्टन फेरीच्या धक्क्यावर पुलाच्या जागेची मोजणी करत उभा होता. येणारी बोट धक्क्यावर आदळली आणि त्याचा पाय लाकडांमध्ये चिरडला. पायाची बोटं कापावी लागली. त्यानंतर त्याने डॉक्टरांना बाजूला सारलं आणि जखमेवर सतत पाणी सोडत राहिला. धनुर्वात झाला. २२ जुलै १८६९ रोजी तो गेला. वय ६३. पुलाच्या बांधकामाला अजून सुरुवातही झाली नव्हती! तारेच्या बाबतीत कुणावर भरवसा न ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या शरीराच्या बाबतीत एकाच कल्पनेवर सगळा भरवसा ठेवला. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

काम वॉशिंग्टनने हातात घेतलं. नदीखालच्या कॅसनमध्ये दाबाच्या हवेत काम करून १८७२ मध्ये तो कायमचा आजारी पडला. मग त्याची पत्नी एमिली गणित आणि केबल्सचं शास्त्र शिकली आणि वर्षानुवर्षं त्याच्या सूचना साइटवर नेत राहिली. मुलींनो, मेकमध्ये मुलींचं काय काम असं कुणी म्हणालं तर एमिलीचं नाव सांगा.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो प्रसंग. केबलच्या तारेचं कंत्राट द्यायची वेळ आली. पुलाच्या अधिकाऱ्यांचा हिस्सा असलेल्या कंपनीला काम द्यायचं नाही असं संचालकांनी ठरवलं, आणि शेवटी ते रोब्लिंगच्या कारखान्याला न मिळता ब्रुकलिनच्या जे. लॉइड हेग याला मिळालं. प्रत्येक गुंडाळीची तपासणी व्हायची. पास झालेला माल गाडीत भरून पुलाकडे निघायचा. वाटेत हेगची माणसं तो उतरवून नापास माल भरायची आणि चांगल्या गुंडाळ्या परत कारखान्यात न्यायची, पुन्हा तपासायला! तीच चांगली तार परत परत पास, आणि पुलावर भलतीच. १८७८ मध्ये पाळत ठेवल्यावर हे उघडकीला आलं. तोपर्यंत खराब तार केबल्समध्ये जाऊन बसली होती आणि बाहेर काढणं शक्य नव्हतं.

मग काय केलं? वॉशिंग्टनने हिशेब मांडला. बापाने सहापट ताकद धरली होती. खराब तार धरूनही ती निदान पाचपट राहते, म्हणजे पूल सुरक्षित. तरी प्रत्येक केबलमध्ये १५० जादा तारा घालायला लावल्या, हेगच्या खर्चाने. २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. ती खराब तार आजही केबल्सच्या आत आहे, आणि पुलावरून रोज हजारो लोक ये-जा करतात.

नऊ वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने, कधीही न पाहिलेल्या चोराची सोय आधीच करून ठेवली होती. फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. आपण तो फॉर्म्युल्यात भागाकारासाठी वापरतो. सेकंड इयरला मला तो फक्त कुठलातरी एक आकडा वाटायचा.

आणि सेकंड इयरचं निघालंच आहे तर कबूलच करते. टेन्साइल टेस्टच्या प्रॅक्टिकलला मी दांडी मारली होती. सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग्ज उतरवली, आणि अगदी सेम दिसू नयेत म्हणून शेवटचे आकडे थोडे इकडेतिकडे केले. आमच्या मजल्यावर त्या रात्री तेच जर्नल पाच खोल्यांमध्ये फिरलं. प्रत्येक वर्षी तीच चांगली रीडिंग्ज, परत परत पास. हेगची गाडी आणि आमचं जर्नल, फरक काय? त्याने तार बदलली, आम्ही आकडे. आमच्या आकड्यांवर अजून कुठला पूल टांगलेला नाही, एवढंच. पण उद्या टांगलेला असेल ना!

गेल्या महिन्यात लॅब असिस्टंट काकांना विनंती करून मी ती टेस्ट खरी केली. माइल्ड स्टीलची सळई मशीनमध्ये लावली, मध्येच ती बारीक झाली आणि धाडकन तुटली. मी दचकलेच. रीडिंग जर्नलमधल्यापेक्षा बरंच वेगळं आलं. काका हसले. जर्नल कधीच तपासून झालंय, मार्कही मिळालेत. तरी त्या पानावर जुने आकडे खोडून मी नवीन लिहिले आहेत. खाली तारीख घातली आहे.