पहाटेची शाळा

सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रांगांत, आजच्या कर्नाटक राज्यात, तुंगा आणि भद्रा या नद्यांच्या उगमाजवळ गंगामूळ नावाचे ठिकाण आहे. तेथील घनदाट अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान घर बांधून राहिले होते. त्या घरी २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने ज्यांना पंडिता म्हणून ओळखले, त्या रमाबाई लहानपणी एक दिवसही शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे सारे शिक्षण घरी झाले. आणि घरही असे, की ते एका जागी कधी राहिलेच नाही.

अनंतशास्त्री तरुणपणी पुण्यात शिकत होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून त्यांना मोठे नवल वाटले आणि आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावयाची, असे त्यांनी मनाशी ठरविले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई विवाहाच्या वेळी अवघ्या नऊ वर्षांची होती. शास्त्रीबुवांनी तिला संस्कृत शिकविले. स्त्रीला संस्कृत शिकविणे हे त्या काळी पाप मानले जाई. उडुपी येथे पंडितांची मोठी सभा भरली आणि त्यांना जाब विचारण्यात आला. स्त्रियांनी पुराणे व काव्ये शिकण्यात काही दोष नाही, हे त्यांनी शास्त्राधारांनीच दाखवून दिले. मात्र वेदांच्या दाराशी तेही थांबले. वेद त्यांनी घरातील स्त्रियांना शिकविले नाहीत.

रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या, तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमाबाईंना वेताच्या पेटाऱ्यात ठेवून डोंगराखाली आणण्यात आले. तेव्हापासून त्यांची भटकंती सुरू झाली. एका क्षेत्री काही महिने मुक्काम करावा, नदीवर स्नान करावे, देवळात पुराण वाचावे, श्रोते जे धान्य, फळे व दक्षिणा ठेवतील त्यावर निर्वाह करावा आणि मग पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम असे.

वडील मुलगी कृष्णाबाई व मुलगा श्रीनिवास यांना शास्त्रीबुवांनी स्वतः शिकविले. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या, तोवर ते वृद्ध झाले होते. तेव्हा हे काम लक्ष्मीबाईंनी आपल्याकडे घेतले. स्वयंपाक, देवपूजा, पुराणवाचन, आल्यागेल्याचे आतिथ्य आणि प्रवासाची दगदग यांत त्यांचा सारा दिवस जाई. शिकविण्यास सवड म्हणून नसे. म्हणून त्यांनी पहाटेची वेळ निवडली. पाखरे जागी होण्यापूर्वी त्या लेकीला हलवून उठवीत आणि झोपेने पेंगुळलेल्या मुलीला जवळ घेऊन संथा देत. धर्मशाळेची ओसरी असो की झाडाखालची जागा असो, हा पाठ चुकत नसे.

रोज काय शिकवावयाचे, हे आईवडिलांनी पक्के ठरविले होते. संस्कृत व्याकरण, कोश, पुराणे आणि काव्ये. यांतील बहुतेक भाग मुखोद्गत करावा लागे. कारण कोशसुद्धा श्लोकांत रचलेले असत. बाराव्या वर्षाच्या सुमारास रमाबाईंना भागवतातील हजारो श्लोक पाठ येत होते. पण लक्ष्मीबाई केवळ पाठांतरावर थांबल्या नाहीत. पुढे फारशा मदतीवाचून मुलीला आपले आपण शिकता यावे, अशी तिच्या बुद्धीची मशागत त्यांनी सात वर्षे केली.

काय शिकवावयाचे नाही, हेही तितकेच पक्के ठरले होते. संस्कृतावाचून दुसरी भाषा शिकवावयाची नाही. इंग्रजीचे तर नावही नको. पोट भरण्याचे कसलेही कसब नको. त्याने मन प्रपंचात गुंतते, अशी त्यांची श्रद्धा होती. या निर्णयाला अडाणी हट्ट म्हणणे न्यायाचे होणार नाही. मुलांनी निर्मळ धर्मनिष्ठ जीवन जगावे, एवढीच त्या मातापित्यांची इच्छा होती. तरी वाटेवरची माणसे न सांगता शिकवून गेली आणि फिरता फिरता रमाबाईंच्या कानी कन्नड व हिंदी या भाषा बसल्या.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. दक्षिणा आटली. दागिने गेले, भांडीकुंडी गेली. कुटुंबात पाच माणसे होती, सर्व विद्वान. परंतु चार पैसे मिळवून देणारे एकही काम कोणास येत नव्हते. भीक मागण्यास मन धजेना, मजुरी करण्यास हात सरावलेले नव्हते. शेवटी त्यांनी अरण्याची वाट धरली. तेथे अकरा दिवस पाणी, झाडांची पाने आणि मूठभर रानखजुरांवर काढावे लागले. १८७४ साली अनंतशास्त्री वारले, त्यांच्यामागून लक्ष्मीबाई गेल्या आणि पुढे कृष्णाबाईही गेल्या. सोळा वर्षांच्या रमाबाई आणि श्रीनिवास एवढी दोघेच उरली.

ही बहीणभावंडे पायी हजारो मैल हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पहाटेच्या पाठाचे ते फळ होते. कलकत्त्यातच केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत भेट दिली आणि वडिलांनी मिटून ठेवलेले दार उघडले. बंगालीही त्यांना येऊ लागली.

पुढील चार वर्षांत रमाबाईंनी बंधू आणि पती दोघेही गमावले. १८८२ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. येथे त्यांनी नेटाने इंग्रजी शिकावयास घेतले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी, गणित व विज्ञान शिकत. नंतर अमेरिकेत त्यांनी बालवाडीची अध्यापनपद्धती अभ्यासली व मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तके लिहिली.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या. उपासमारीने गळालेल्या मुली पाहून त्यांना आपले दिवस आठवले असतील, यात नवल ते काय! त्यांनी सुमारे ३०० स्त्रिया व मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगावी आणले. तेथील मुक्तिसदनात अक्षरओळखीइतकेच हाताच्या कामाला महत्त्व होते. विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना, सारे काही तेथे होते. अंध मुलींना ठिपक्यांच्या लिपीने वाचावयास आणि टोपल्या विणावयास शिकवीत.

उतारवयात बायबलाचे मराठी भाषांतर करण्यासाठी रमाबाई हिब्रू व ग्रीक या भाषाही शिकल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्या भाषांतराचे खिळे केडगावच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियांनीच जुळविले.