वैद्यराज जीवक आणि रानातली साल

राजगृहाच्या उकिरड्यावर टाकलेले ते मूल. आई सालवती नगरातली गणिका. राजपुत्र अभयाला ते जिवंत सापडले, म्हणून नाव पडले जीवक. पुढे हाच बिंबिसार राजाचा, तथागतांचा आणि भिक्खू संघाचा वैद्य झाला. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्याच्या धम्मप्रवेशाला स्वतंत्र प्रकरण दिले, ते उगीच नाही.

तक्षशिलेत सात वर्षे शिकून झाल्यावर आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली. नगराभोवती योजनभर फिरून औषधात न येणारी वनस्पती शोधून आण, असे सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि परीक्षेत उतरला.

अवंतीच्या पज्जोत राजाला बरे केल्यावर मिळालेले उंची वस्त्र त्याने तथागतांना दिले आणि गृहस्थांनी दिलेली चीवरे भिक्खूंना घेऊ द्यावीत, अशी विनंती केली. तोवर भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या शिवून नेसत. उकिरड्यावरच्या मुलानेच ही विनंती करावी, हे आम्हाला फार मोठे वाटते.

चीवर रंगवायला जे सहा रंग मान्य झाले, त्यांत सालीचा रंग आहे. महावग्गात औषधी काढ्यांना ‘कसाव’ म्हटले आहे. त्यांत कडुनिंब, कुडा, करंज येतात. काषाय वस्त्राचा शब्दही तोच. साल तुरट लागते ती टॅनिनमुळे. टॅनिन कापडाच्या धाग्याला धरते, तसे जिवाणूंच्या प्रथिनांनाही धरते.

भोर-वेल्ह्याच्या रानात गेलो तर ऐन, अर्जुन, जांभूळ, कुडा आजही भेटतात. प्रयोगशाळेत साल वाळवून, दळून, पाण्यात किंवा अल्कोहोलात भिजवून अर्क काढतात. जिवाणू वाढवलेल्या बशीत अर्काभोवती स्वच्छ कडे उमटले, तर तो जिवाणूंना रोखतो. डीपीपीएचचे जांभळे द्रावण पिवळे पडले, तर तो ऑक्सिडीकरणाला आवरतो. पण बशीतले कडे म्हणजे रोग्याला आलेला उतारा नव्हे. जीवक तरी रोगी पाहिल्याशिवाय औषध देत नसे. हृदयविकाराच्या गोळ्या बंद करून नुसता अर्जुनाचा काढा घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि साल काढायची तर खोडाभोवती गोल सोलू नये. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाट तुटली की झाड उभ्याउभ्या वाळते. फांदीची साल, तीही एका बाजूची, पुरते.