शिकवणारा कोणीच नव्हता, म्हणून सिकोर्स्की पन्नाशीत दोरांना बांधलेलं हेलिकॉप्टर उडवायला शिकले

निवडणूक आली की गडचिरोलीचा एक फोटो हमखास व्हायरल होतो. वायुदलाचं हेलिकॉप्टर, पंख्याच्या वाऱ्याने उडालेला फुफाटा आणि मतदान यंत्रांच्या पेट्या सांभाळत वाकून पळणारे कर्मचारी. अहेरी, एटापल्ली, भामरागडकडच्या कित्येक केंद्रांवर पोलिंग पार्टी रस्त्याने पाठवणं धोक्याचं असतं. चकमकीतला जखमी जवान नागपूरला हलवायचा असो, नाहीतर पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटलेला असो, शेवटी वाट बघायची ती हेलिकॉप्टरचीच. विमानाला धावपट्टी लागते. चंद्रपूरजवळ मोरव्याला ती आहे, पण जंगलात कुठून आणणार?

आज चंद्रपूरच्या एखाद्या पोरीने हेलिकॉप्टर शिकायचं ठरवलं, तर डीजीसीएची मेडिकल आहे, पेपर आहेत आणि मुख्य म्हणजे शेजारच्या सीटवर दुसरे कंट्रोल धरून बसलेला इन्स्ट्रक्टर आहे. ज्या माणसाने हे यंत्र खऱ्या अर्थाने कामाचं बनवलं, त्याच्या मशीनला शेजारची सीटच नव्हती. त्यांचं नाव इगोर सिकोर्स्की.

जन्म २५ मे १८८९, गाव कीव्ह, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं. वडील मानसशास्त्राचे प्रोफेसर. आई शिकलेली, ती पोराला लिओनार्दो दा विंचीच्या यंत्रांच्या गोष्टी सांगायची. बाराव्या वर्षी या पोराने रबरबँडवर उडणारं हेलिकॉप्टरचं खेळणं बनवलं आणि ते उडलं.

१९०९ साली बहिणीने, ओल्गाने, पैसे दिले आणि तो पॅरिसला गेला. विमानविद्येची पंढरी तेव्हा तीच. तिथल्या जाणत्यांनी सल्ला दिला की हेलिकॉप्टरच्या नादी लागू नकोस. त्याने ऐकून घेतलं आणि २५ हॉर्सपॉवरचं अंझानी इंजिन घेऊन घरी आला. पहिलं हेलिकॉप्टर जमिनीवरून हललं नाही. १९१० मधलं दुसरं स्वतःचं वजन उचलायचं, पण माणूस बसला की संपलं. हट्टी माणूस होता, पण आंधळा नव्हता. इंजिनं अजून कमजोर आहेत हे त्याला कळलं आणि त्याने हेलिकॉप्टर बाजूला ठेवून विमानं हातात घेतली.

विमान उडवायलाही तो असाच शिकला, स्वतः बांधून आणि स्वतः आपटून. सुरुवातीची उड्डाणं सेकंदांत मोजायची. १९११ मध्ये त्याला पायलटचं लायसन्स मिळालं. त्याच सुमारास एकदा इंजिन हवेत बंद पडलं, कारण कार्बोरेटरमध्ये डास अडकला होता. एका डासाने विमान पडत असेल तर एका इंजिनावर भरवसा का ठेवायचा, असा विचार त्याने केला आणि १९१३ मध्ये चार इंजिनांचं विमान उडवून दाखवलं.

मग क्रांती झाली आणि सगळं गेलं. १९१८ मध्ये देश सोडला, मार्च १९१९ मध्ये सिकोर्स्की न्यूयॉर्कला उतरले. काम नाही, ओळख नाही. रशियन निर्वासितांना गणित शिकवून पोट भरायचं. १९२३ मध्ये लाँग आयलंडवर एका मित्राच्या कोंबड्यांच्या फार्मवर कंपनी सुरू झाली. संगीतकार राखमानिनोव यांनी ५ हजार डॉलर घातले. पुढे पाण्यावर उतरणारी विमानं बनवून कंपनीने नाव कमावलं, ती युनायटेड एअरक्राफ्टने घेतली आणि १९३८ मध्ये तोट्यापायी तो विभाग बंद करायचं ठरवलं. तेव्हा सिकोर्स्कींनी एवढंच मागितलं की आपली माणसं सोबत राहू द्या, हेलिकॉप्टर करून बघतो.

१४ सप्टेंबर १९३९, स्ट्रॅटफर्ड, कनेक्टिकट. पाइपांचा उघडा सांगाडा, ७५ हॉर्सपॉवरचं इंजिन, नाव व्हीएस-३००. सीटवर पन्नाशीचे सिकोर्स्की, डोक्यावर नेहमीची हॅट. मशीन दोरांनी बांधलेलं. चाकं जमिनीपासून जेमतेम उचलली आणि काही सेकंदांत परत टेकली.

हे दोर काय करत होते? हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हातातला दांडा वर-खाली नेतो, उजव्या हातातला दिशा देतो आणि पायातली पेडल नाक वळवतात. एक हलवलं की बाकीची दोन्ही सावरावी लागतात. म्हणून आजचा इन्स्ट्रक्टर नवख्याला एकावेळी एकच कंट्रोल देतो आणि बाकीचे स्वतः धरतो. जर्मनीत १९३६ मध्येच दोन पंख्यांचं हेलिकॉप्टर उडलं होतं, पण वर एक मोठा पंखा आणि शेपटीला छोटा, ही रचना उडवायला शिकवेल असा माणूस सिकोर्स्कींना मिळणार कुठून? चूक झाली तर उलटू न देणारा गुरू म्हणजे ते दोर.

तरी डिसेंबरमध्ये वाऱ्याच्या झोताने मशीन उलटलंच. दुरुस्त झालं, शेपटीला आणखी दोन पंखे लागले, नंतर तेही निघाले. १३ मे १९४० ला दोर सुटले. मधल्या काळातला किस्सा भारी आहे. साहेबांना फिल्म दाखवली, त्यात हेलिकॉप्टर वर, मागे, आडवं, सगळीकडे जाताना दिसलं. पुढे का जात नाही, असं विचारल्यावर सिकोर्स्कींनी ती किरकोळ तांत्रिक अडचण अजून सुटायची आहे असं शांतपणे सांगितलं. ती सुटली. ६ मे १९४१ ला ते १ तास ३२ मिनिटं २६ सेकंद हवेत राहिले आणि जर्मनांचा विक्रम मोडला.

त्यातूनच आर-४ हे लष्करी हेलिकॉप्टर आलं आणि ते पोहोचलं थेट ब्रह्मदेशाच्या जंगलात. एप्रिल १९४४ मध्ये जपान्यांच्या ताब्यातल्या भागात एक छोटं विमान पडलं. आत पायलट आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक. जवळ धावपट्टी नाही. कार्टर हार्मन या तरुण पायलटने आर-४ नेलं. उकाड्यात त्याचं बळ इतकं घटायचं की एका खेपेला एकच माणूस उचलता यायचा. २५ आणि २६ एप्रिल, दोन दिवसांत चार खेपा मारून त्याने चौघांना बाहेर काढलं. युद्धात हेलिकॉप्टरने माणसं वाचवल्याची ही पहिली नोंद.

भारतीय वायुदलाचं पहिलं हेलिकॉप्टरही सिकोर्स्कींच्याच कंपनीचं, १९५४ मध्ये आलेलं एस-५५. गडचिरोलीत पोलिंग पार्ट्या नेणारं एमआय-१७ रशियन आहे, पण रचना तीच, वर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक छोटा.

सिकोर्स्की १९५७ मध्ये निवृत्त झाले, तरी ऑफिसात येत राहिले. हेलिकॉप्टरमुळे कुठे किती जीव वाचले याची पत्रं त्यांना सर्वात प्रिय होती. २६ ऑक्टोबर १९७२ ला ते गेले. आदल्या दिवशीही ते आपल्या टेबलावर काम करत होते.